झाकणातली वाकडी रेघ

थोरल्याला आईची आठवण साक्षीपुरती होते. एरवी तिनं तोंड उघडलं की याचं कपाळ दुखतं. आज मात्र सकाळपासून ‘आई, आई’ चाललेलं. चष्म्याचा नंबर तपासून आणतो म्हणाला, हाताला धरून जिना उतरवला, आणि आणून बसवली कुठं, तर जुन्या घड्याळांच्या दुकानात.

थोरल्यानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून घड्याळ. साखळीचं, खिशात ठेवायचं. तिच्या नवऱ्याचं. परवाच ‘पॉलिश करून आणतो’ म्हणून तिच्या कपाटातून नेलेलं.

“विकतोयस?” म्हातारीनं विचारलं.

“दाखवतोय नुसतं. तू गप्प बस. विचारलं की बोल.”

ती गप्प बसली. घरातलं कुणी तिच्या ओरडण्याला भीत नसे, गप्प बसण्याला भीत. पण थोरल्याचं लक्ष दुकानदाराकडे होतं.

दुकानदारानं घाई केली नाही. घड्याळ तळहातावर जोखलं, चावी दिली, कानाशी धरलं. मग नखानं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ आत पाहत राहिला.

“यंत्र जुनं दिसतंय. झाकणाचं काही खरं वाटत नाही.”

“म्हणजे?”

“घड्याळ उघडलं की कारागीर झाकणाला आतून सुईनं खूण करून ठेवतो. इतक्या जुन्या घड्याळात ओरखडेच ओरखडे हवेत. इथं औषधालाही नाही. एक तर झाकण नवं बसवलंय, नाहीतर सगळंच जुळवून आणलंय.”

थोरला हसला. आपण किती हुशार हे सांगायची संधी मिळाली की हसतो तसा. “अहो, ते मीच घासून घेतलं! आतून-बाहेरून. काय त्या कळकट रेघा होत्या. म्हटलं, गिऱ्हाईकापुढे वस्तू कशी लख्ख हवी.”

दुकानदारानं भिंग खाली ठेवलं. “साहेब, मी झाकण उघडलं ते त्या रेघाच बघायला.”

हसू होतं तिथंच वाळलं. पण हार मानेल तो थोरला कसला. लगेच खुर्चीकडे वळला. “आई, सांग ना यांना. बाबांचंच आहे ना हे?”

“आजी म्हणत असतील तर घेतो मी,” दुकानदार म्हणाला. “या वयात कोण कशाला खोटं बोलेल?”

“खोटं बोलायला वय आड येत नाही, दादा. आणा इकडे.”

तिनं घड्याळ कानाला लावलं. टिकटिक तीच. उशाखाली उभा जन्म ऐकलेली. मग तिनं झाकण उघडलं. आत तिला स्वतःचंच तोंड दिसलं, स्वच्छ, एकेका सुरकुतीसकट. पूर्वी कधी दिसलं नव्हतं.

तिनं झाकण मिटलं. घड्याळ आपल्या पिशवीत टाकलं आणि पिशवीची नाडी आवळली.

“विकायचं नाही,” ती दुकानदाराला म्हणाली. “तुमचा खोळंबा केला यानं.”

“अगं, पण खरं आहे एवढं तरी सांग!” थोरला ओरडला. “हा माणूस मला लबाड समजतोय!”

म्हातारी टेबलाला धरून उठली. थोरल्यानं हात पुढं केला, तो तिनं पाहिला नाही.

“तुझे वडील दरवर्षी हे उघडून तेल घालायचे,” ती म्हणाली, “आणि आत एक रेघ मारायचे. सगळ्या सरळ. एकच वाकडी. ती तू झालास त्या दिवशीची. आनंदानं हात थरथरत होता त्यांचा, सुई घसरली. ती रेघ तू घासून आणलीस. वर पैसे मोजून.”

थोरला काही बोलायला गेला. तिनं बोट वर केलं, तसा थांबला.

“घड्याळ खरं आहे रे. त्याची हमी मी देते. तुझी कोण देणार?”