तीनदा माफी

आम्हा यहुद्यांमध्ये प्रायश्चित्ताच्या उपवासाआधी ज्याला दुखावलं त्याची माफी मागतात. तीनदा मनापासून मागूनही नाहीच मिळाली, तर आपण सुटलो आणि पाप 'नाही' म्हणणाऱ्याच्या माथी.

भरल्या घरात मी थोरल्या जाऊबाईंचं खरं वय सांगून टाकलं होतं, तेव्हापासून वर्षभर अबोला. या आठवड्यात तीनदा त्यांच्याकडे गेले. तिन्ही वेळा त्यांनी बसवून चहा दिला, तासभर उखाळ्यापाखाळ्या काढल्या आणि निघताना म्हणाल्या, "नाही करत माफ, जा!"

सुटले एकदाची, म्हणत घरी येऊन चपला काढते तोच बेल वाजली. दारात जाऊबाई!

"पाप आता माझ्या माथी आलंय, म्हणून माफी मागायला आले. आणि हे बघ, लगेच 'केलं माफ' म्हणू नकोस. मलाही तीनदा यायचंय."