कंसातला दोन

"नाही म्हणजे नाही, मी वळणार नाही!" नणंदेने स्टूल फिरवलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. "माझं तोंड बघून उत्तर बदलतेस तू, वहिनी. परीक्षेला काय माझा फोटो नेणार आहेस?"

खरंच होतं ते. गणितात दोनदा गटांगळ्या खाल्लेली वहिनी पेन चालवता चालवता नणंदेच्या भुवयांवर डोळा ठेवून असायची. आज तासाभरात दहावीचा तोच पेपर होता, तिसऱ्यांदा. दवाखान्यात लाद्या पुसणाऱ्या वहिनीला नर्सिंग शिकायचं होतं, आणि सगळं घोडं या एका विषयापाशी अडलं होतं. नवरा स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभाच होता.

शेवटचं उदाहरण. कंस सोडवा: x(x + 2).

वहिनीने लिहिलं, x² + 2. मग शिकवल्याप्रमाणे पडताळा घेतला. एक्सच्या जागी एक. वर उदाहरणात तीन, खाली उत्तरात तीन.

"जुळलं गं!"

सवयीने तिने वर पाहिलं. समोर नणंदेची नुसती पाठ.

वहिनीने पिशवी उचलली, आणि थबकली. "पण हा एक म्हणजे ना, अगदी तुझा दादा. कुणाशीही गाठ घाला, आपलं हो ला हो."

दारात कुणीतरी खाकरलं. वहिनी पुन्हा खाली बसली. यावेळी तिने पाच घातले. वर पस्तीस. खाली सत्तावीस.

परत करून पाहिलं. तेच. पेन कंसावरून हळूहळू फिरलं.

"अगं बाई! बाहेरचा एक्स कंसातल्या दोघांनाही द्यायचा होता. मी एकालाच वाढलं! दोन बिचारा उपाशीच राहिला की!"

x² + 2x. पाच घातले. पस्तीस, पस्तीस! हौसेने सातही घातले. त्रेसष्ट, त्रेसष्ट!

"चुकलं होतं! माझं चुकलं होतं!" वहिनी ओरडतच सुटली. आनंदाने तिला काय करू नि काय नको झालं होतं.

"चुकलं म्हणून कुणी नाचतं का?" नवरा म्हणाला. मग बहिणीच्या पाठीकडे बघत त्याने हळूच विचारलं, "आता तरी बरोबर आलंय का गं?"

वहिनीने चपला पायात सरकवल्या.

"तिला काय विचारताय? मला विचारा."