आठ महिने मेंढरांमागं

बीडकडच्या मेंढपाळांची वस्ती दहाच घरांची. वस्तीचीच शिकलेली स्वप्ना सरकारी सर्वेवर लागली तेव्हा म्हणाली, "सारजाकाकू, दरवर्षी दोन घरं विचारीन. पाच वर्षांचं जोडलं की आपल्या माणसांचा आकडा निघंल, मग हातपंप येईल."

पाच वर्षांनी आकडा आला. शून्य.

"माझ्या चुलीपुढं बसून आमालाच पुसून टाकलंस व्हय गं?"

"सहा महिने राहील त्यालाच हितला धरत्यात, काकू. तुमीच सांगितलं, आठ महिने मेंढरांमागं असतो."

"मंग तिकडं तर मोजलं असंल की!"

"तिकडं कुणी लिहायला आलं न्हवतं का, काकू?"



तिकडच्या माळावर आलेल्या प्रत्येक सर्वेवाल्याला सारजाबाईनंच ठणकावलं होतं, "आमाला लिहू नगा. आमी हितले न्हाई, बीडचे हावोत."