भिकाजीची पानथरी

“हात गार हायत तुजे,” भिकाजी म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

महिपत ओशाळून उभा राहिला. मुंबईच्या मेडिकल कॉलेजात लेखी परीक्षेत तो कधी अडला नव्हता. प्रत्यक्ष रोगी तपासायच्या परीक्षेत मात्र दोनदा आपटला होता. शंभरात पन्नास लागायचे; त्याला आधी बत्तीस गुण पडले, मग छत्तीस. आणखी एकदा नापास झालास तर रत्नागिरीच्या कचेरीत कारकुनी, असं वडिलांनी बजावलं होतं.

म्हणून गावी येताच त्याने बंदराजवळच्या धर्मार्थ इस्पितळातल्या डॉक्टर शेवड्यांना गाठलं होतं. त्यांनी बुरोंडीचा हा म्हातारा खलाशी दाखवला होता.

“याची डाव्या बरगडीखालची पानथरी, प्लीहा, वाढलीय. बोटांना नीट कळेपर्यंत रोज दुपारी यायचं.”

“आणि बाकीचे रोगी?”

“एकच पुरे.”

दुसऱ्या दिवशी महिपत हात चोळून ऊन करून आला. भिकाजीने डोळे उघडले.

“लगीच पोटाला हात? नाव कोन इचारनार? घरी कोन हाय, कोन इचारनार?”

महिपत खाटेशेजारी बसला. त्याने नाव विचारलं. घरी कोण, तेही विचारलं.

“कोन नाय. बायको कवाच गेली. झील, माजा एकलाच पोर, भादव्यात मचव्यावर दर्यात गेला, तो आला नाय.”

त्या दिवशी महिपतने पोट तपासलंच नाही.

मग मात्र म्हातारा मास्तरच झाला. “घाई नको. श्वास घेतो तवा बोटं दाब,” असं दटावू लागला. एकदा महिपत उशिरा पोचला तर भिकाजी उठून बसला होता, पेजेचं भांडं रिकामं होतं. “उपाशी मानसाचा श्वास तुला कसा गावनार? म्हनून जेवलो,” तो रागाने म्हणाला.

माघात पानथरीची कड बोटांना स्पष्ट लागली. महिपत आनंदाने ओरडलाच. भिकाजी दात नसलेल्या तोंडाने हसला. शिमगा झाल्यावर महिपत आगबोटीने मुंबईला गेला.

परीक्षेत त्याने आधी हात ऊन केले. रोग्याला नाव विचारलं, घरचं विचारलं. परीक्षक घड्याळाकडे बघत होते, तरी तो घाबरला नाही. अठ्ठ्याहत्तर गुण पडले.

पेढे घेऊन तो थेट इस्पितळात आला. भिकाजीची खाट रिकामी होती. तो धावत डॉक्टरांकडे गेला.

“घरी गेला,” डॉक्टर म्हणाले. “जाळी विणायचं काम धरलंय म्हणे. तुझा निकाल कळवायला सांगितलंय.”

महिपतने सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्यांच्या पाया पडला. “एवढे रोगी असताना तुम्ही नेमका तोच मला दिलात. तुमचे उपकार विसरणार नाही.”

डॉक्टरांनी कपाटातून भिकाजीचा केसपेपर काढून त्याच्यापुढे ठेवला. महिपत पहिल्यांदा इस्पितळात आला त्याच तारखेखाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं:

‘रोग्याने अन्न सोडले आहे. जगण्याची इच्छा नाही. सर्व औषधे बंद. आजपासून एक नापास विद्यार्थी, रोज दुपारी, दोन तास.’