तिसरा खंड

सुज्ञ वाचकांच्या सेवेशी एका कादंबरीकर्तीच्या क्रोधाचा वृत्तांत सादर करण्याचे मी योजिले आहे. तो मी स्वतः पाहिला असून त्यात पदरची भर घातलेली नाही. माझे शिक्षण रविवारच्या शाळेपुरतेच झाले. भाषेतील उणीव क्षम्य असावी.

सोमवारी सकाळी मिस डॉर्कस हेबल्थवेट लंडनच्या आमच्या छापखान्यात शिरल्या. त्या यॉर्कशरहून थेट आल्या होत्या. त्यांच्या हातात स्वतःच्या सातव्या कादंबरीची मुद्रिते होती. तपासण्याची पाने लेखकाकडे धाडावीत हा आमचा रिवाज. या खेपेस ती धाडावयाची नव्हती, हे टपाल बांधणाऱ्यास कोणी सांगितले नाही.

"'केझायाने डोळे उघडले,'" त्यांनी मोठ्याने वाचले. "हे कोणी लिहिलं?"

"आमच्या एका हुशार कारकुनानं," प्रकाशक गार्लंड म्हणाले. "बाई, आधी बसा तरी."

"दुसऱ्या खंडाच्या शेवटी मी तिला पुरलं होतं. तुमच्या कारकुनानं तिला उकरून गिरणीमालकाच्या पोराच्या गळ्यात बांधलं!"

"तीन खंडांखाली वाचनालयं हात लावत नाहीत. एकेक खंड वेगळा भाड्यानं जातो; एक पुस्तक, एकाच वेळी तीन घरं. हे काय तुम्हाला नवीन आहे? पहिल्या पुस्तकातला दारुडा पाद्री काढा म्हटलं, काढलात. तिसऱ्यातला संप काढा म्हटलं, काढलात. मग आताच एवढं काय बिघडलं?"

"चौदा वर्षं काढतच आले, हेच बिघडलं. केझाया माझी बहीण होती, गार्लंड. यंत्राच्या पट्ट्यात सापडली. एकोणीस वर्षांची. त्या दिवशी मालकानं गिरणीसुद्धा थांबवली नाही. तिला कुणी तिसरा खंड दिला नाही."

गार्लंडांनी मान हलविली. "मग तर बरंच झालं की. पुस्तकात तरी जगली."

मिस हेबल्थवेट मेजाकडे वळल्या. त्यावर तिसऱ्या खंडाची शेवटची चाळीस पाने शिशाच्या सुट्या अक्षरांत जुळवून, दोऱ्याने बांधून, तबकांत मांडलेली होती. त्यांनी पहिले तबक उचलले व उपडे केले. मग दुसरे. मग उरलेली सर्व. केझायाचे लग्न, वऱ्हाडी आणि चर्चच्या घंटा यांच्या अक्षरांचे शिशाचे खिळे फरशीवर विखुरले.

"शुक्रवारी वाचनालयाच्या गाड्या येणार आहेत!" गार्लंड ओरडले. "त्या दिवशी तिन्ही खंड नसले, तर वाचनालयवाले पुस्तक घ्यायचेच नाहीत!"

"मग दोनच छापा."

"आणि ते वाचणार कोण?"

"ज्याला ती मेली हे सोसवेल तो."

"जेबेझ! गोळा कर हे सगळं. शुक्रवारपर्यंत पुन्हा जुळव!"

जेबेझ ऑर्मरॉड आमचे मुख्य जुळारी. चाळीस वर्षे त्यांची बोटे न पाहता खिळा ओळखीत आली आहेत. ते सावकाश खाली बसले. त्यांनी एक खिळा उचलला. मिस हेबल्थवेट यांच्याकडे एकदा पाहिले.

"शुक्रवारचं काही सांगता येत नाही, साहेब," ते म्हणाले.

नंतर त्यांनी बंडीच्या खिशातून, केवळ प्रार्थनेच्या पुस्तकासाठी वापरावयाचा आपला चष्मा काढला, काचा पुसल्या, तो नाकावर चढविला आणि तो एक खिळा खिडकीच्या उजेडात धरून निरखू लागले.

मीही खाली बसलो. मजजवळ चष्मा नव्हता. म्हणून त्यांचा मोकळा होईपर्यंत मी हात बांधून थांबलो.

वाचकांनी आपला अमूल्य वेळ दिला, त्याबद्दल त्यांचा ऋणी,
एबेल थॉर्नक्रॉफ्ट, जुळारी