जेवणाची सुट्टी

"या बाईला घरी बसवा. त्याशिवाय मी इथून हलणार नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांनी हॉस्पिटलच्या अधीक्षकांसमोर फाईल अशी आपटली, की टेबलावरचा पाण्याचा ग्लास कलंडला. कोणी तो उचलला नाही.

जिला घरी बसवायचं होतं ती भिंतीला टेकून उभी होती. एमआरआय विभागातली तंत्रज्ञ, असेल तिशीची. खुर्ची देऊनही बसली नव्हती. काकूंच्या शेजारी काका मान खाली घालून बसले होते. तीस वर्षं अग्निशमन दलात काढलेला धिप्पाड माणूस, आणि आता साधा खोकला आला तरी दोन्ही गुडघे घट्ट जुळवून धरत होता.

ते गुडघे पाहिले की काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चार महिन्यांपूर्वी काकांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरची गाठ निघाली. सुईने काढलेल्या तुकड्यावरून तिचा स्वभाव काही नीट कळेना. सर्जन म्हणाले, एमआरआय करा. पहिल्या फोटोंत गाठ कुठे आहे ते दिसेल. पुढच्या फोटोंत तिच्यातलं पाणी कसं हलतं ते कळेल, आणि त्यावरून ती गरीब आहे की आडदांड, याचा अंदाज येईल. गरीब असली तर नुसतं लक्ष ठेवायचं, आडदांड असली तर काढायची. पण काका घरी आले ते फक्त पहिले फोटो घेऊन. बाकीच्यांचं काय झालं, असं काकूंनी विचारलं, तर म्हणाले, त्या बाईंची जेवायची वेळ झाली होती, झालं, उठा म्हणाल्या.

काकू तेव्हाच भांडायला निघाल्या होत्या. काकांनीच अडवलं. वर सर्जनना सांगून टाकलं, पुन्हा ते मशीन नको, सरळ काढून टाका. वैतागून म्हणाले असतील, असं काकूंना वाटलं.

गाठ काढली. मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. अगदी गरीब गाठ होती, वर्षानुवर्षं नुसती सांभाळता आली असती. तोवर काकांचा लघवीवरचा ताबा गेला होता. चारचौघांत जाणं बंद झालं. हसणंही बंद झालं, कारण हसलं की कपडे भिजायचे. अहो, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं हसणारा माणूस तो! काकूंना सगळ्यात जास्त चीड त्याचीच होती.

"माझ्या नवऱ्यापेक्षा हिला डबा मोठा वाटला," त्या म्हणाल्या. "आणि आज बघा, कशी मूग गिळून उभी आहे."

अधीक्षकांनी विभागाची नोंदवही पुढे ओढली. 'तांत्रिक कारणामुळे तपासणी थांबवली,' असं त्यात लिहिलं होतं. खाली तिचीच सही. कसलं तांत्रिक कारण, त्यांनी विचारलं. मशीन त्या दिवशी ठणठणीत होतं, पुढचा पेशंट पंधरा मिनिटांत आत गेला होता. तिने नजर आपल्या सहीवरच ठेवली. नोंद खोटी ठरली तर नोकरी जाते, हे तिला कोणी सांगायला नको होतं. अधीक्षकांनी मग चाचपडत विचारून पाहिलं, की काही पेशंट मशीनच्या त्या अरुंद बोगद्यात घाबरतात, तसं तर काही...

काकूंनी त्यांना पुरतं बोलूच दिलं नाही. जळत्या घरांत पोटावर सरपटत जाऊन यांनी माणसं बाहेर काढली आहेत, त्या म्हणाल्या, ते तुमच्या नळकांड्याला घाबरतील? काकांनी मान आणखी खाली घातली.

अधीक्षकांनी निलंबनाचा कागद काढला. "शेवटचं विचारतो. तुम्हाला काही सांगायचंय?"

तिने एकदा काकांकडे पाहिलं. "नाही, सर."

पेनाचं टोपण निघालं.

"सही करू नका," काका म्हणाले.

आवाज इतका बारीक होता, की काकूंनी आधी दाराकडे वळून पाहिलं.

"हातात एक रबरी गोळा देतात. घाबरलं की दाबायचा. मी तीनदा दाबला. तीनदा यांनी समजूत काढून मला आत घातलं. शेवटी मी हात जोडले, म्हटलं, घरी कळू देऊ नका. म्हणून यांनी ते तांत्रिक कारण लिहिलं."

मग जेवायच्या वेळेचं काय, असं काकूंनी विचारलं. ते मीच रचलं, काका म्हणाले.

इतके दिवस त्या या पोरीला शिव्याशाप देत होत्या. आता कुणाला देणार? नवऱ्याचा संताप आला, स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज सहन होईना. थोडा तरी दोष त्या पोरीच्या पदरात टाकायला हवा होता.

"मग हिने पुन्हा का नाही बोलावलं तुम्हाला?"

काकांनी पाकिटातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. घड्या झिजून कागद विरला होता. रोज वाटायचं, उद्या जाईन, ते म्हणाले.

काकूंनी ती उलगडली. वरची तारीख ऑपरेशनच्या आठ दिवस आधीची होती. खाली गोल अक्षरांत लिहिलं होतं, "काका, दुपारी दीडला या. माझी जेवणाची सुट्टी असते, मशीन रिकामं असतं. तुम्हाला हवा तेवढा वेळ घेऊ."