तिसरा नमुना

आईच्या दहा नखांपैकी नऊ गुलाबी होती. उजव्या अंगठ्याचं, टोकापासून सहा मिलिमीटर, हिरवं.

"मागच्या महिन्यात आठ होतं," पट्टी खाली ठेवत मुलगी म्हणाली. "डाग नखाबरोबर वाढूनच जाणार, डॉक्टर म्हणालेत ना?"

"हिरवं ते हिरवंच."

आई हॉस्पिटलात नवजात बाळांचं दूध तयार करायची. अंगठ्याचं नख सुटलं, खाली ओल राहिली, जंतू धरले. तिने आपण होऊन ते मोठ्या सिस्टरांना दाखवलं. हात दाखवून अवलक्षण. नखात जंतू सापडेनासे होईपर्यंत कामावर यायचं नाही, असं ठरलं. दोन नमुने खराब निघाले होते. तिसराही तसाच निघाला, तर तिच्या जागी दुसरी बाई येणार होती.

मुलगी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर काचसामान धुऊन यायची आणि पर्स टाकली की आईचा अंगठा हातात घ्यायची. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बोट बुडवायचं, कोरडं टिपायचं, सुटलेली कड कापायची.

"हातमोजे घाल की."

"कात्री नीट धरता येत नाही. आधीच धरून धरून अंगठ्याची कड ठणकतेय. आणि मला शिकवू नकोस."

"न शिकवता एवढी घोडी झालीस होय?"

दोघी हसल्या. जेमतेम.

आज तिसरा नमुना घ्यायचा होता. मुलीने कात्री स्पिरिटने पुसली. आईने हात मागे घेतला.

"तुझं दे."

"काय?"

"नख. तुझी स्वच्छ आहेत. नळीत पडल्यावर कुणाचं ते कोण ओळखतंय?"

"आई, तिथे बाळं आहेत."

"मला सांगतेस? पण घरात बसून बसून आंबले गं मी. आता नाही होत."

मुलीने कात्री खाली ठेवली. तिच्यातही भांडायचं त्राण नव्हतं.

"तुझ्याही नखाचा तुकडा घेणार," ती शेवटी म्हणाली. "वेगळा, नाव न घालता. त्यात जंतू निघाले, तर कागद काही का म्हणेना, मी तुला बाळांजवळ जाऊ देणार नाही."

"बरं, बाई."

मुलीने स्वतःच्या अंगठ्याचा तुकडा कापून आईच्या नावाच्या नळीत टाकला. कात्री पुन्हा पुसली. आईच्या नखाचा तुकडा दुसऱ्या नळीत गेला.

सकाळी लॅबमध्ये तिने दोन्ही तुकड्यांतले जंतू वाढवायला प्लेटा लावल्या. नावाची नमुने तपासणाऱ्या मॅडमच्या कप्प्यात ठेवली, बिननावाची मागे.

दोन दिवसांनी मॅडमनी आईच्या नावाची प्लेट उजेडात धरली, जंतूंचे ठिपके मोजले आणि मान हलवत आकडा लिहिला. त्या गेल्यावर मुलीने मागची प्लेट काढली आणि दोनदा मोजली.

आईच्या नावाच्या प्लेटवर हिरवे ठिपके एकशे बेचाळीस. बिननावाच्या प्लेटवर शून्य.